दुसरी प्रौढ व्यक्ती

सलग दुसऱ्या वर्षी पावसाने तोंड दाखवलं नाही, तेव्हा गावात घर बांधायचं कुणी नाव काढेना. दुष्काळात माणसं नवी दारं करत नाहीत, जुनीच लावून आत बसतात. तीन महिन्यांत सुताराकडे आलेली कामं म्हणजे एक मोडकी शिडी, कुऱ्हाडीचे दोन दांडे आणि एका बाईच्या चपलेत घुसलेला खिळा. खिळा त्याने काढून दिला आणि ठेवून घेतला.

अशात चर्चला वरच्या कचेरीकडून एक पुस्तिका आली. मुलं आणि आधाराची गरज असलेल्या प्रौढ व्यक्ती यांच्या सुरक्षिततेविषयी होती. पानं चौतीस. पंचांनी ती सभेत हातोहात फिरवली, प्रत्येकाने जरा जोखून पाहिली, आणि अकराव्या पानावर सगळ्यांचं एकमत झालं, कारण त्यावर दाराचं चित्र होतं. मुलं बसतात त्या प्रत्येक खोलीच्या दाराला डोळ्यांच्या उंचीवर काच हवी. हे करण्यासारखं होतं. उरलेली तेहतीस पानं वाचण्यासारखी होती, ती पुढच्या सभेवर टाकली.

चर्चच्या आवारात अशी सात दारं होती. सुताराला बोलावणं गेलं.

तो हातात फूटपट्टी घेऊन सभेच्या खोलीत कडेला उभा होता, तेव्हा नव्या पाळकाने बारावं पान वाचून दाखवलं. पाळक तरुण होता, येऊन चार महिने झाले होते, आणि अजून प्रत्येक वाक्याच्या शेवटी माफी मागितल्यासारखा थांबायचा.

"‘मुलांबरोबर कोणतीही प्रौढ व्यक्ती एकटी असू नये. खोलीत कायम दुसरी प्रौढ व्यक्ती हजर असावी, आणि तिची रोज वहीत सही असावी.’ म्हणजे... गायनाच्या वर्गालाही लागेल हे."

"हजर राहायला माणूस आणायचा कुठून?" चिटणीस म्हणाला. तो नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेला. मृत्यूचा दाखला हातात पडेपर्यंत माणूस मेला असं तो मानत नसे. "पुरुष कालव्याच्या खोदकामावर. बायका तीनला घागरी घेऊन निघतात त्या दिवेलागणीला परततात. वर्ग चारला."

गायनमास्तर हसले. तीस वर्षं त्यांनी गावाला गायला शिकवलं होतं. गावातलं एकही लग्न, एकही मयत त्यांच्या ऑर्गनशिवाय पार पडलं नव्हतं. सुताराचा आवाज फुटला तेव्हा त्यांनीच त्याला गायकांच्या रांगेतून काढून घंटेच्या दोरीवर नेमलं होतं, आणि सुताराने ते उपकार मानले होते. "माझ्यासाठी कुणाला कशाला त्रास?" मास्तर म्हणाले. "मी काय नवा आहे?"

"त्रास नाही, नियम आहे," चिटणीस म्हणाला. मग त्याची नजर सुतारावर पडली. "बेबी आहे की!"

बेबी सुताराची धाकटी बहीण. बारशाला ठेवलेलं नाव तिला कधी चिकटलंच नाही. डॉक्टर म्हणायचे, हिची बुद्धी सात-आठ वर्षांशी थांबली आहे. घरात म्हणायचे, थांबलेली नाही, सावकाश चालते.

"ती प्रौढ आहे का, पण?" पाळकाने विचारलं.

"अडतीस. जन्माची नोंद मीच केली आहे."

"तसं नाही, मला म्हणायचं होतं..."

"अठराच्या पुढे सगळे प्रौढ, साहेब. त्याला आपण काय करणार?"

पाळकाला सहाव्या पानावरचं काहीतरी आठवत होतं. पण घड्याळात एक वाजला होता, पंच चपला शोधायला लागले होते. ठराव झाला.

"सही येते का तिला?" जाता जाता चिटणीसाने विचारलं.

"सही नाही येत," सुतार म्हणाला, "पण खुणा करते. माझ्याकडच्या."

"चालेल. खूण म्हणजे सहीच."

सुताराला बरं वाटलं. सात दारांचं काम मिळालं होतं, वर बहिणीला पद.

*

दार चौकटीतून उतरवायचं, लाकडी घोडीवर आडवं टाकायचं, आखायचं, गिरमिटाने चार कोपऱ्यांत भोकं पाडायची, भोकात करवतीचं पातं घालून चौकोन कापायचा, कड पटाशीने साफ करायची, काचेला खाच करायची, पट्टी ठोकायची. जुनं लाकूड दगडासारखं झालेलं. पहिल्या दारातच गिरमिटाची दोन टोकं मोडली. काचा शहरातून एकेक करून येत, त्यामुळे महिन्याला जेमतेम एक दार होई. संध्याकाळी सुताराचे खांदे कानांपर्यंत चढलेले असत आणि भुसा पापण्यांत बसलेला असे. सुतारीण ओल्या फडक्याने पुसायची. फडकं ओलं किती करायचं, यावरून रोज दोघांत बोलणं व्हायचं.

मंगळवार आणि गुरुवार सोडून बेबी त्याच्या हाताखाली असे. वीस वर्षं ती हे करत होती. फळीचं टोक धरायचं, खिळे सरळ करायचे, आणि खुणा करायच्या. चौकटीचे दोन तुकडे एकमेकांत बसायचे असले की दोन्हींवर पेन्सिलीने दोन आडव्या रेघा मारतात, म्हणजे ढिगाऱ्यात जोडी चुकत नाही. एखाद्याचा जोडीदार फुटला किंवा हरवला, की त्याच्यावर फुली मारून तो बाजूला ठेवायचा. वीस वर्षांत बेबीची एक जोडी चुकली नव्हती. सुताराच्या चुकल्या होत्या, आणि बेबीने त्या दाखवूनही दिल्या होत्या, गिऱ्हाइकासमोर.

मंगळवारी आणि गुरुवारी मात्र ती अडीचलाच चांगला झगा घालून, केस ओले करून बसायची.

"केसांना पाणी कशाला? प्यायला नाही पाणी!" सुतारीण म्हणायची.

"मी दुसरी आहे," बेबी म्हणायची. "मला नीट दिसलं पाहिजे."

गायनाच्या खोलीत तिला दाराजवळ खुर्ची होती आणि स्टुलावर वही. पहिल्या महिन्यात ती दर वर्गानंतर घरी येऊन कोण बेसूर गायलं ते करून दाखवायची. तिला स्वतःला सूर नव्हता, त्यामुळे सगळेच सारखे बेसूर वाटत, पण चेहरे हुबेहूब. बेकरीवाल्याच्या थोरलीचा चेहरा करताना मात्र ती डोळे मिटून मान वर करायची आणि काहीच आवाज काढायची नाही.

"ही कशी गाते, ते ऐकव की."

"तिचं मला येत नाही. ते चांगलं आहे."

मुलगी अकरा वर्षांची होती. सकाळी घरोघर पाव टाकताना गुणगुणायची, त्यामुळे पाव आले हे लोकांना हाक न मारता कळायचं. मास्तरांनी तिला मोठ्या सणाचं एकल गीत दिलं होतं. गुरुवारी बाकीची मुलं लवकर सुटत, ती मागे थांबे.

चार दारं झाली तेव्हा मास्तर सुताराकडे आले. उकाड्यात कोट घातलेला, हातात सुरांची वही.

"माझं दार शेवटी घे हं. वर्ग मोडतो."

"घेतो की."

"आणि काच दुधी बसव. मुलांचं लक्ष बाहेर जातं."

सुताराने मान हलवली. दुधी काचेतून काय दिसणार आणि मग ती बसवायची कशाला, असा विचार त्याच्या मनात आला खरा, पण मास्तरांना प्रश्न विचारायची सवय त्याला नव्हती. त्याने फळीवर लिहून ठेवलं : दुधी, एक.

*

बेबी आता गुरुवारी घामाघूम होऊन यायची. झग्याचा काठ धुळीने भरलेला.

"बसून काम, आणि एवढी दमतेस कशाने?" सुतारिणीने विचारलं.

"मास्तर पाण्याला पाठवतात. जग घेऊन."

"कुठे?"

"खालच्या विहिरीवर. चर्चच्या पिंपातलं त्यांना चालत नाही."

खालची विहीर म्हणजे जाऊन-येऊन अर्धा तास, वर तळाशी बादली टेकेपर्यंत दोर सोडत बसायचं. "अख्ख्या गावाला तहान लागली आहे, पण ह्यांची न्यारीच," सुतारीण म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली. तेव्हा त्यात तिला एवढंच दिसलं होतं.

बेकरीवाल्याची थोरली आता पाव टाकायची ते न गुणगुणता. टोपली पोटाशी धरून यायची, उंबऱ्यावर पाव ठेवायची, निघून जायची. लोक म्हणाले, मुलगी मोठी झाली.

सहा दारं संपली. एका बुधवारी दुपारी, मास्तर जेवायला घरी गेले असताना, सुतार गायनाच्या खोलीचं माप घ्यायला गेला. फूटपट्टी लावली. आकडे लिहायला कागद नव्हता, म्हणून त्याने स्टुलावरची वही उघडली, मागचं कोरं पान फाडावं म्हणून. पान उलटलं गेलं आणि त्याला आपल्या कारखान्यातल्या पेन्सिलीच्या खुणा दिसल्या.

मंगळवार : दोन आडव्या रेघा. गुरुवार : फुली. मंगळवार : रेघा. गुरुवार : फुली. त्याने पान उलटलं. आणखी एक उलटलं. प्रत्येक आठवड्याखाली चिटणीसाची सही होती, शनिवारच्या तारखेने, खाली दोन टिंबांसह.

त्याने माप घेतलं नाही. वही जागच्या जागी ठेवली, स्टूल होतं तसं सरकवलं आणि घरी आला. बेबी अंगणात खिळे सरळ करत होती.

"बेबी, वहीत फुली कशाला मारतेस?"

"जोडी नसते म्हणून."

"कुणाची?"

"तिची. मी पाण्याला जाते, मग दुसरं कुणी नसतं. ती एकटी राहते मास्तरांकडे. मग फुलीच ना?" तिने खिळा उचलून डोळ्यासमोर धरला, थोडा वाकडा होता, पुन्हा ठोकला. "मी येते तेव्हा दार आतून लावलेलं असतं. मी वाजवते. मग उघडतात. मग ती माझ्या हातातला जग घेते आणि सगळं पाणी पिऊन टाकते. मास्तरांना उरतच नाही."

"मास्तर रागावतात?"

"नाही. त्यांना तहानच नसते."

सुतारीण चुलीपुढून उठून दारात आली होती.

"हे तू कुणाला सांगितलं का नाहीस, बाई?" सुतार म्हणाला.

बेबीने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू चूक जोडी त्यानेच लावली आहे. "रोज लिहिलं ना!"

*

त्या संध्याकाळी नवराबायकोत जे बोलणं झालं ते भांडण नव्हतं, पण भांडी बरीच आपटली.

"पाणी आणायला पाठवलं," सुतार म्हणाला, "एवढंच तर लिहिलंय त्यात. पाणी मागवणं काय गुन्हा आहे?"

"दार लावून?"

"वारा असेल."

"अहो, वारा असता तर पाऊस नसता का आला?"

तो म्हणाला, "सातवं दार राहिलंय. पुढच्या महिन्यात बाकांची दुरुस्ती निघणार आहे, चिटणीस म्हणाला."

"माहीत आहे."

"मास्तरांवर बोट दाखवायचं म्हणजे आपण गावात राहायचं कसं?"

"आणि नाही दाखवलं तर? उद्या गुरुवार आहे."

त्याने पटाशी घेतली आणि धार असलेल्या पात्याला पुन्हा धार लावत बसला.

*

सकाळी आठला ते पाळकाच्या घरी गेले. चिटणीस तिथे आधीच चहा पीत बसला होता. खुर्च्या तीन होत्या. तिसऱ्या खुर्चीवर चिटणीसाची छत्री होती, तिचं नेमकं काम दुष्काळात कुणाला कळत नसे. छत्री कुणी उचलली नाही. सुतार भिंतीशी आणि सुतारीण दारात उभी राहिली.

सुताराने सांगितलं. दोनदा अडखळला, घाम पुसला, पण सांगितलं. चिटणीस स्वतः जाऊन वही घेऊन आला आणि लांब धरून पाहू लागला.

"मला वाटलं हात स्थिर नाही तिचा," तो म्हणाला. "कधी अशी सही, कधी तशी."

"हात माझ्यापेक्षा स्थिर आहे तिचा."

"ते असू दे. असं करू, मास्तरांना बोलावू. समोरासमोर विचारू. मग त्या पोरीलाही बोलावू. घरातली गोष्ट घरात मिटेल."

पाळक पुस्तिका शोधत होता. ती चहाच्या किटलीखाली सापडली. "थांबा," तो म्हणाला. "बाविसावं पान. ‘ज्याच्याविषयी शंका आहे त्याला विचारू नये. मुलाची उलटतपासणी करू नये. त्याच दिवशी बाहेरच्या अधिकाऱ्यांना कळवावं.’"

"शंका कुठे आहे?" चिटणीसाचा आवाज चढला. "एका वेड्या बाईच्या फुल्या आहेत! तीस वर्षं मंडळीची सेवा केलेल्या माणसावर हिच्या फुल्यांवरून चौकशी लावायची? तिला बुद्धी किती, हे शेंबडं पोर सांगेल."

सुताराची मान खाली गेली. वीस वर्षं त्याने हा शब्द बहिणीच्या वाटेला येऊ दिला नव्हता, आणि आता तो चहाच्या कपांमध्ये येऊन पडला होता.

"मग पाच महिने तिथे दुसरं मोठं माणूस कोण होतं?" सुतारीण म्हणाली.

"काय?"

"साधं विचारते. बेबी मोठं माणूस असेल, तर तिने लिहिलंय ते खरं धरा. ती मोठं माणूस नसेल, तर पाच महिने मास्तर पोरांबरोबर एकटेच होते आणि तुम्ही दर शनिवारी खाली सही करत होता. दोन्हींतलं कुठलं म्हणायचं ते एकदा म्हणा. मी चुलीवर भात टाकून आलेय."

चिटणीस आयुष्यभर कागद तपासत आला होता. त्याने वहीत पाहिलं, आपल्या सह्या पाहिल्या, खालची टिंबं पाहिली. काय म्हणावं ते त्याला कुठल्याच रकान्यात सापडेना.

पाळकाने पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं. त्यावर एक फोन नंबर होता. फोन उचलण्याआधी तो म्हणाला, "त्या दिवशी मला हेच विचारायचं होतं. बेबीला जपायचं आहे असं सहाव्या पानावर आहे, आणि आपण तिलाच पहाऱ्यावर बसवतो आहोत, हे मला दिसलं होतं. पण जेवायची वेळ झाली होती." ह्या वाक्याच्या शेवटी तो नेहमीसारखा थांबला नाही. नंबर फिरवला.

गुरुवारचा वर्ग झाला नाही. खोलीला कुलूप लागलं.

*

नंतरचे दिवस लांबच लांब होते. मास्तरांना घरीच थांबायला सांगितलं होतं. त्यांच्या दारात सकाळी कुणी फुलं ठेवून जायचं. बाकांच्या दुरुस्तीचं काम निघालं आणि ते शेजारच्या गावच्या सुताराला गेलं. पाण्याच्या रांगेत सुतारिणीच्या पुढेमागे दोन माणसांची जागा मोकळी राहू लागली. "आपल्याला काय, ऐसपैस उभं राहता येतं," ती म्हणायची, पण घागर उचलताना पूर्वी कुणीतरी हात लावायचं ते आता लावेना, आणि तिची कंबर धरली.

एक दिवस बेकरीवाला कारखान्यात आला. हातांना पीठ तसंच. त्याने एक फळी उचलली, पाहिली, ठेवली.

"महिला-बालकल्याणाच्या कचेरीतली एक अधिकारी आली होती. पोरगी बोलली तिच्याशी," तो म्हणाला. "आम्हाला बाहेर बसवलं होतं."

सुताराने रंधा खाली ठेवला.

"दर गुरुवारी पोट दुखतं म्हणायची. मी म्हणायचो, गाण्याचा आळस करतेस." त्याने फळीवर हात टेकला. "बेबीला सांग." काय सांगायचं ते त्याने सांगितलं नाही. फळीवर पिठाचा पंजा तेवढा उमटला.

त्याच आठवड्यात ती अधिकारी बेबीचा जबाब घ्यायला आली. पन्नाशीची, जाड चष्म्याची, बोलताना घाई नसलेली. शाळेच्या एका खोलीत बसायचं ठरलं. बेबीबरोबर बसायला शहरातून आणखी एक बाई आली होती, गावात कुणाची कोणी नसलेली. घरच्यांनी बाहेर थांबायचं.

बेबीने चांगला झगा घातला होता. केसांना पाणी लावलं होतं. सुतारीण ह्या वेळी काही बोलली नाही.

दार बंद झालं. सुतार आणि सुतारीण बाहेरच्या बाकावर बसले. बाकाचा एक पाय हलत होता. सुताराने खिशातून पाचर काढून तो घट्ट केला, मग दुसरा पाहिला, तो ठीक होता. अर्धा तास गेला. तास गेला. आतून बेबीचा आवाज येत होता, मध्येच थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. दुसरं कुणी जवळजवळ बोलतच नव्हतं.

"एवढा वेळ ती सलग बोलू शकते?" सुतार म्हणाला.

"आपण कधी बसलोय एवढा वेळ?" सुतारीण म्हणाली.

दोन तासांनी दार उघडलं. बेबी बाहेर आली. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून तिने हात आडवा धरला. थकलेली होती, पण झग्याला धूळ नव्हती.

"काय विचारलं त्यांनी?" सुतारिणीने विचारलं.

"फार नाही. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं."

"काय काय लिहिलं?"

"सगळं. मध्ये मी म्हटलं, माझा चहा गार झाला. तेही लिहिलं. मग नवा दिला." बेबी बाकावर बसली, पाय हलत नाही हे पाहून तिने समाधानाने बाकावर हात फिरवला. "नंतर वाचून दाखवलं. एका ठिकाणी चुकलं होतं. मी नीट करायला लावलं."

"काय चुकलं होतं?"

"त्यांनी लिहिलं, मास्तर सांगायचे तेव्हा मी दर वेळी जायची. मी म्हटलं, दर वेळी नाही. एकदा नाही गेले."

सुताराने वर पाहिलं.

"ती माझ्याकडे बघत होती," बेबी म्हणाली. "म्हणून मी नाही उठले. मास्तर म्हणाले ऊठ. मी खुर्ची धरून बसले. त्यांनी जग माझ्या मांडीवर ठेवला, तरी मी बसले. मग त्यांनी तिला लवकर घरी सोडलं."

"हे आम्हाला नाही सांगितलंस," सुतारीण म्हणाली.

"मास्तरांनी सांगितलं ना दादाला. दुसऱ्या दिवशी. बेबी ऐकत नाही म्हणून." तिने भावाकडे वळून पाहिलं, रागाने नाही, नीट आठवतंय ना हे तपासायला. "मग दादा मला म्हणाला, मास्तर सांगतील ते ऐकत जा. मग मी पुढच्या गुरुवारी गेले."

शाळेच्या अंगणात कुणी नव्हतं. सुताराचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, भुशाने आणि काचेच्या ओरखड्यांनी भरलेले, आणि त्यांचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं.

"हेही लिहिलं त्यांनी?" त्याने विचारलं.

"सगळं लिहिलं म्हटलं ना."

"माझं नाव घालून?"

"हो. मी सांगितलं, माझा दादा."

"बरं केलंस," तो म्हणाला.